प्रशियन घोडदळाचं हेल्मेट अमळनेरात मिळालंय: खरं की नंतर बनवलेलं, कसं ओळखायचं?

पांझराकाठ (धुळे)

राम राम मंडळी.

अमळनेर तालुक्यात एका जुन्या वाड्याचं सामान विकायला निघालंय. त्यात डोक्यावर टोक असलेलं एक धातूचं हेल्मेट आहे. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे ते पहिल्या महायुद्धातल्या जर्मन घोडेस्वाराचं आहे. मागणी ८५ हजारांची. आठवडाभर तपासायला दिलंय, पण काही खोलायचं नाही आणि घासायचंही नाही या अटीवर. फोटो इथे चढत नाहीयेत, म्हणून दिसतं ते शब्दांत लिहितो.

घुमट पांढऱ्या धातूचा आहे, लोहचुंबक घट्ट चिकटतो. डाव्या बाजूला गंजाचे ठिपके आहेत. मागे मानेवर उतरणारी लांब शेपटी आहे, पायऱ्या पायऱ्यांची, आणि ती घुमटाला रिव्हेटनी जोडलेली आहे. वर चार पाकळ्यांची पिवळी बैठक आणि तिच्यावर टोक. समोर पंख पसरलेला पिवळा गरुड, डोक्यावर मुकुट, छातीवर एफ आणि आर ही अक्षरं एकमेकांत गुंतलेली, पंखांवरून गेलेल्या पट्टीवर जर्मन ओळ. हनुवटीच्या पट्ट्याला पितळी खवले आहेत, चपटे नाहीत, फुगीर आहेत. दोन्ही कानांपाशी गोल बिल्ले: उजवीकडचा काळा-पांढरा-लाल, डावीकडचा काळा-पांढरा-काळा. आत तपकिरी चामड्याच्या जिभा, वर दोरीने ओढून बांधलेल्या, त्यातल्या दोन फाटलेल्या. शेपटीच्या आतल्या अंगाला के, आर, ८ आणि त्याखाली ३, ई असे ठसे. चामड्यावर ५६ हा आकडा.

एक गोष्ट खटकते. घुमटाच्या पुढच्या भागात आतून चार भोकं दिसतात. दोनांत गरुडाचे पेच आहेत, दोन रिकामी.

हे नक्की कोणत्या पलटणीचं? खरं आहे का? आणि या मागणीत घ्यावं का?

ठसेघर (जळगाव)

भाऊ, वर्णन नेमकं दिलंत, त्यामुळे प्रकार फोटोशिवायही सांगता येतो.

प्रशियाच्या, म्हणजे जर्मन साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या, घोडदळात सगळ्यांच्या डोक्यावर एकच वस्तू नव्हती. हुसार फरची उंच टोपी घालत. उलानांची त्शापका चामड्याची, वर चौकोनी पाट बसवल्यासारखी. ड्रॅगून चामड्याचं टोकदार हेल्मेट घालत. ते पायदळाच्या हेल्मेटसारखंच दिसतं, पण पुढची झापड गोल नसते, चौकोनी कापलेली असते. धातूचं हेल्मेट आणि मानेवर अशी पायऱ्यांची शेपटी म्हणजे क्युरासियर, जड घोडदळ. येगर त्सू फेर्ड या घोडेस्वार तुकड्यांनाही याच घडणीचं हेल्मेट मिळालं, पण त्यांचं पोलाद काळं केलेलं असे. तुमचं पांढरं आहे, म्हणजे क्युरासियर.

त्यातही दोन गट पडतात. गार्द द्यु कोर आणि गार्ड क्युरासियर या राजरक्षक रेजिमेंटांचा घुमट पोलादाचा नसे, टोंबाकचा असे. टोंबाक म्हणजे तांबं जास्त घातलेलं लालसर सोनेरी पितळ. समोर गरुडाऐवजी आठ टोकांचा तारा असे, त्यावर 'सुउम कुइक्वे' (ज्याचं त्याला) हे ब्रीद. समारंभाला टोक काढून त्या जागी पंख उचललेला गरुड बसवत. बाजारात सर्वांत जास्त नकला या उभ्या गरुडाच्या हेल्मेटच्याच आहेत, कारण ते दिसायला भपकेदार. तुमचं पोलादी घुमटाचं आहे, म्हणजे साध्या क्युरासियर रेजिमेंटांपैकी. त्या आठ होत्या, १ ते ८ क्रमांकांच्या. ठशातला के म्हणजे क्युरासियर, आर म्हणजे रेजिमेंट, ई म्हणजे एस्काड्रोन, म्हणजेच स्क्वाड्रन, रेजिमेंटमधली तुकडी. आठव्या रेजिमेंटचं तिसरं स्क्वाड्रन. आठवी रेजिमेंट ऱ्हाइन नदीकाठच्या डॉइट्सची, कोलोन शहराच्या अगदी समोरची.

काळाचा अंदाज बिल्ल्यांवरून येतो. प्रशियाने टोकदार हेल्मेट १८४२ साली आणलं. क्युरासियरांचा नमुना पुढे अनेकदा बदलला, १८८९ चा नमुना महायुद्धापर्यंत चालला. पण बिल्ल्यांचा नियम सगळ्यांना सारखा. १८९७ च्या मार्चपर्यंत उजवीकडे फक्त प्रशियाचा काळा-पांढरा-काळा बिल्ला असे. त्या महिन्यात सम्राट पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीला साम्राज्याचा काळा-पांढरा-लाल बिल्ला आला. तो उजवीकडे बसला आणि प्रशियाचा डावीकडे गेला. तुमची मांडणी बरोबर आहे. म्हणजे वस्तू १८९७ नंतर वापरात होती, किंवा निदान तेव्हा तिचे बिल्ले बदलले.

फुगीर खवलेही जुळतात. घोडेस्वारांना फुगीर, पायदळाला चपटे.

इथवर फक्त 'काय असायला हवं' ते जुळलं. चांगल्या नकलेतही एवढं सगळं जुळवून आणतात. खरेपणा सांध्यांत आणि आतल्या बाजूला कळतो. ती चार भोकं हीच यातली सर्वांत मोलाची खूण आहे, तिच्याकडे नीट बघू.

पत्राठसा (भुसावळ)

ठसेघर सरांनी प्रकार सांगितला, मी धातूचं सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. असली हेल्मेटं भारतातच मोठ्या प्रमाणावर बनतात. मुरादाबादच्या पितळकामातून आणि डेहराडूनकडच्या कारखान्यांतून नाटक-सिनेमा, शोभेचा बाजार आणि परदेशी हौशी मंडळींसाठी ती जातात. त्यात लपवाछपवी नाही, नकला म्हणूनच विकतात. पण वीस-तीस वर्षं एखाद्या वाड्यात धूळ खाल्ली की त्याच नकलेला 'महायुद्धातलं' म्हणून भाव लागतो. खानदेशात सापडलेल्या अशा हेल्मेटबद्दल पहिला संशय नकलेचाच घ्यायचा आणि पुराव्यानिशी तो दूर करायचा.

काही न खोलता या गोष्टी बघा.

गरुड. मूळ गरुड पितळेच्या पातळ पत्र्यावर साच्याने दाबून उठवलेला असतो. समोर पीस उंच, तर मागे तिथेच खळगा. म्हणजे मागची बाजू पुढच्या बाजूचा उलटा आरसा. नकलेतला गरुड बहुतेक वेळा वाळूच्या साच्यात ओततात. तो जाड असतो, मागून सपाट किंवा खडबडीत. काढायची गरज नाही. पंखाच्या टोकाशी, जिथे तो घुमटापासून थोडा सुटलेला असतो, तिथे बाजूने टॉर्च मारा आणि व्हर्नियरने कड मोजा. पत्र्याची कड एक मिलिमीटरच्या आत-बाहेर येते. दोन-तीन मिलिमीटर आली तर तो ओतीव. भिंगातून पिसांच्या मधल्या रेघा बघा. दाबलेल्या पत्र्यात त्या तीक्ष्ण असतात. ओतीव कामात कडा लोण्यासारख्या वितळलेल्या दिसतात आणि कुठे कुठे सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात.

पट्टीवरची ओळ. 'मिट गॉट फ्युर कोनिग उंड फाटरलांड', म्हणजे देवाच्या साथीने राजासाठी आणि पितृभूमीसाठी. अक्षर अन् अक्षर जुळवा. नकलेत एखादं अक्षर गळतं, किंवा 'फ्युर'मधल्या यू या अक्षरावरचे दोन ठिपके नाहीसे होतात.

पेच आणि मुलामा. फुलीच्या खाचेचे पेच १९३० च्या दशकातले. असा एक जरी दिसला तरी तो भाग नंतरचा किंवा दुरुस्तीचा. घुमटाची चमक निळसर, आरशासारखी थंड असेल तर क्रोम. क्रोमचा मुलामा बाजारात १९२० च्या दशकात आला आणि प्रशियाचं सैन्य त्याआधीच संपलं होतं. निकेलची झाक जराशी पिवळट असते, आणि घासलेलं नुसतं पोलाद करडं दिसतं. पॉप रिव्हेट, म्हणजे मध्ये भोक असलेली रिव्हेट, कुठे असेल तर पुढे बघायचीही गरज नाही.

टोकाच्या मानेवरची हवेची छिद्रं. डोक्याची गरम हवा निघून जावी म्हणून ती असतात. खऱ्यात ती आरपार असतात. नकलेत बऱ्याचदा नुसते खळगे पाडलेले असतात. आतून अंधार करून बाहेरून टॉर्च लावा, उजेड आत येतो का ते कळेल.

आता भोकांचं. चारही भोकांच्या कडा आतून भिंगाने बघा आणि इथे लिहा. जुन्या भोकाची कड झिजलेली असते, आत पोलादाचा रंग आजूबाजूसारखाच काळवंडलेला. नव्या ड्रिलच्या भोकाला धारदार कड सुटते आणि आतलं पोलाद जास्त उजळ दिसतं.

शेवटचं म्हणजे, जळगावच्या सराफ बाजारात सोन्याची शुद्धता तपासायला क्ष-किरणांची मशीन आहेत. सराफ त्याला कॅरेटोमीटर म्हणतात. त्यावर गरुड आणि टोकाची बैठक अशा दोन जागा ठेवून आकडे घ्या. मशीन सोन्यासाठी जुळवलेलं असतं, त्यामुळे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण तांबं आणि जस्त यांचं प्रमाण आणि शिसं आहे की नाही हे कळतं. वस्तूला ओरखडाही पडत नाही. कसोटीच्या दगडावर मात्र घासू देऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

पांझराकाठ (धुळे)

सगळं तपासलं. ठसेघर सर, पत्राठसा भाऊ, दोघांनी सांगितलेल्या क्रमानेच लिहितो.

गरुडाच्या डाव्या पंखाचं टोक: २.८ मिलिमीटर. उजव्याचं: ३.१. कड गोलसर, पिसांच्या रेघा बोथट. 'फ्युर'वर ठिपके नाहीत. आतले नट षटकोनी, जस्ताच्या मुलाम्याचे, आजच्या दुकानात मिळतात तसे.

टोकाची हवेची छिद्रं आरपार आहेत. फुलीचा पेच कुठेही नाही. घुमट करडा, निळसर झाक नाही. शेपटीच्या रिव्हेटींची आतली टोकं हातोडीने पसरवलेली, एकीसारखी दुसरी नाही.

भोकं. ज्यांत गरुडाचे पेच आहेत ती उजळ, आतल्या बाजूला धार सुटलेली. रिकामी दोन काळवंडलेली, कड झिजलेली, एकीच्या आत हिरवट कळंक.

सराफाकडचे आकडे: गरुडात तांबं साधारण ६२, जस्त ३४, शिसं ३ टक्के. टोकाच्या बैठकीत तांबं ८३, जस्त १६, शिसं जवळजवळ नाही.

अजून एक. गरुडाच्या पंखाखाली तिरपा उजेड टाकला की घुमटावर एक फिकट आकृती दिसते. आताच्या गरुडाच्या कडेबाहेर ती साधारण बोटभर जाते.

ठसेघर (जळगाव)

मग बहुतेक गोष्ट उलगडली.

वापरातली भोकं नवी आणि रिकामी भोकं जुनी. म्हणजे मूळ गरुड रिकाम्या भोकांवर बसलेला होता. तो कधीतरी निघाला, हरवला किंवा वेगळा विकला गेला. नंतर आणलेल्या नकली गरुडाच्या मागच्या पेचदांड्यांमधलं अंतर जुन्या भोकांशी जुळलं नाही, म्हणून नवीन दोन भोकं पाडली. घुमटावरची फिकट आकृती हा दुसरा पुरावा. मूळ पत्र्याखाली झाकलेल्या पोलादाला हवा आणि हात कमी लागतात, त्यामुळे तिथला रंग वेगळा राहतो. हेल्मेट जमवणारे तिला सावली म्हणतात. तुमच्या सावलीची कड पंखांसारखी असेल तर मूळ गरुड साध्या क्युरासियर घडणीचाच, फक्त आताच्यापेक्षा मोठा. ताऱ्यासारखी टोकं निघाली असती तर मोठी पंचाईत झाली असती, कारण पोलादी घुमट आणि गार्डचा तारा ही जोडी जुळत नाही.

घुमट, शेपटी, टोक आणि बैठक यांच्या बाजूने पुरावा चांगला आहे: हाताने पसरवलेल्या रिव्हेटी, आरपार छिद्रं, शिसं नसलेलं तांबटसर पितळ, बिल्ल्यांची बरोबर मांडणी. ठशांवर मात्र एकट्यावर भिस्त ठेवू नका. पाच-सहाशे रुपयांच्या पंचाने कोणीही आठ नंबर ठोकू शकतो. ठशाच्या अक्षराच्या तळाशी गंज आणि मळ आजूबाजूसारखाच आहे का, ते भिंगाने बघा. तळ उजळ आणि कडा उठलेल्या दिसल्या तर ठसा ताजा.

सातपुडा५ (यावल)

थोडं वेगळं मत मांडतो. टोक आणि बैठक टोंबाकसारखी निघाली म्हणून घुमटही मूळच, असं लगेच म्हणता येत नाही. मोडतोडीतले भाग एकत्र करून बनवलेली हेल्मेटं युरोपातही भरपूर आहेत, युद्ध संपल्यावर लगेच जोडलेलीसुद्धा. बैठकीच्या चार पाकळ्यांखालची भोकं बघायला हवीत. बैठक मूळच्या घुमटावरचीच असेल तर पाकळ्यांच्या खाली चार भोकं बरोबर पेचाखाली येतात, आणि बैठकीच्या कडेखाली घुमटावर तशीच सावली सापडते. पाचवं किंवा सहावं भोक निघालं तर टोकही बदललेलं.

हनुवटीच्या खवल्यांबाबतही तसंच. खवले मागच्या चामड्यावर बसवलेले असतात आणि ते चामडं नव्वद-शंभर वर्षांत सहज तुटतं, म्हणून पट्टे सर्वांत जास्त बदलले गेले. चामडं नवीन आणि खवले जुने, हे चालतं. खवलेच नवीन असतील तर किंमत पडते. खवले बाजूच्या खुंटीवर ओढल्यासारखे बसत असतील, मोजून एक खवला कमी भासत असेल, तर पट्टा दुसऱ्या हेल्मेटचा.

आणि गोळी लागल्याची खूण म्हणून कोणी भोक दाखवलं तर जास्त पैसे देऊ नका. हे हेल्मेट गोळी अडवायला केलेलंच नव्हतं, तलवारीच्या वारासाठी होतं. भोकाची कहाणी विकणाऱ्याच्या उपयोगाची.

पत्राठसा (भुसावळ)

सातपुडा भाऊ, बैठकीच्या भोकांचा मुद्दा एकदम बरोबर. त्या पाहणीनंतरच घुमट आणि टोक एकाच हेल्मेटचे असं म्हणता येईल.

चर्मशाळा (नंदुरबार)

आतल्या चामड्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पांझराकाठ भाऊ, जिभा आणि वर ओढलेली दोरी ही शिपायाच्या हेल्मेटची रचना. अधिकाऱ्याच्या हेल्मेटमध्ये घामपट्टी आणि वर रेशमी किंवा कापडी अस्तर असतं, बाहेरच्या भागांवरही मुलामा आणि लाखेचा थर जास्त चांगला. ५६ हा डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये. दोरी कापसाची आहे की नायलॉनची, हे बघायला जाळून बघू नका. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा अंधारात धरा. आजच्या धाग्यातलं आणि कापडातलं उजळ करणारं द्रव्य त्या उजेडात निळं-पांढरं चमकतं. जुनी दोरी काळपट राहते. शिवणीलाही तीच कसोटी लावा. फाटलेल्या जिभेच्या कडेला चामड्याचा गाभा बघा. आतपर्यंत तपकिरी असेल तर झाडाच्या सालीत पकवलेलं, गाभा निळसर करडा असेल तर क्रोमने पकवलेलं. हेल्मेटच्या अस्तरात क्रोमचं चामडं निघालं तर ते नंतर घातलंय असं धरा.

आता जपणुकीचं. आठवडाभर असो की आयुष्यभर, नियम तेच.

तेल लावू नका. खोबरेल, मोहरीचं, बुटाचं पॉलिश, काहीच नाही. फाटलेलं चामडं तेलाने मऊ झाल्यासारखं वाटतं, पण तेल धूळ धरून ठेवतं, खवट होतं आणि आंबट झालेली चरबी शेजारच्या पितळेवर मेणासारखा हिरवा कळंक आणते. बऱ्याच हेल्मेटमध्ये खवल्यांच्या मागे जो हिरवा चिकट थर असतो तो याच कारणाने. तो बांबूच्या बारीक काडीने हलक्या हाताने खरवडून काढायचा, धातूच्या टोकाने नाही.

चिंच, लिंबू, राख, रांगोळी आणि पितळ उजळायच्या पावडरी दूर ठेवा. आंबट पदार्थाने मुलाम्याचा पातळ थर जातो आणि मग तो परत येत नाही. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांमध्ये घासून लखलखीत केलेल्या हेल्मेटची किंमत कमी होते, वाढत नाही.

आणि अमोनियाचा वास असलेल्या कुठल्याही पॉलिशला हात लावू नका. दाबून घडवलेल्या पितळेत ताण अडकलेला असतो, आणि अमोनिया त्या ताणाच्या जागी तडे पाडतो. याचा शोध आपल्याच देशाशी जोडलेला आहे. ब्रिटिश सैन्याच्या काडतुसांची पितळी नळकांडी पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की फुटायची, म्हणून त्याला ऋतूचे तडे असं नाव पडलं. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया हे कारण १९२१ साली समजलं. वाड्यातलं सामान गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलेलं असेल, किंवा युरियाच्या गोण्या त्याच खोलीत असतील, तर हेल्मेट आजच तिथून हलवा. खवले आणि बैठक यांच्या वळणांवर केसासारख्या रेषा आहेत का तेही भिंगाने बघा. असतील तर तिथे अजिबात जोर द्यायचा नाही.

गंजाच्या ठिपक्यांना सुरुवातीला फक्त कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पोलादी लोकर नको. त्यानंतर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स) अगदी पातळ थर, कापडावर घेऊन, फक्त पोलादावर. बिल्ल्यांवर रंग आहे, तिथे स्पिरिट लागू देऊ नका, काळा-पांढरा-लाल सगळा निघून येईल.

ठेवण्याची जागा. धुळे-जळगावकडे एप्रिल-मे महिन्यात हवा आधीच कोरडी आणि तापमान कधी कधी ४५ च्या पुढे. तेव्हा चामड्याजवळ सिलिका जेल ठेवणं म्हणजे त्याला आणखी वाळवणं, जिभा तडकतात. सिलिका फक्त जूनपासून सप्टेंबरपर्यंत. छोटा आर्द्रतामापक डब्यात ठेवा आणि ४५ ते ५५ टक्के धरा. पत्र्याच्या छपराखाली, माळ्यावर, लोखंडी पेटीत ठेवू नका. आत धुतलेल्या जुन्या मलमलीचा सैल गोळा भरा. जिभा खाली ओढून सरळ करायच्या नाहीत. आणि हेल्मेट शेपटीवर टेकवून ठेवू नका, सगळा भार रिव्हेटींवर येतो. घुमटाला आतून आधार देणारा लाकडी खांब करून घ्या.

सराफकट्टा (जळगाव)

किमतीचं मी सांगतो. वर इतकं तपासून झालंय तर आकड्याच्या मागे काय आहे तेही समजून घ्या.

अशा वस्तूची किंमत पूर्णत्वावर असते. घुमट, गरुड, टोक, खवले, बिल्ले आणि अस्तर, सगळं एकाच काळाचं आणि एकाच रेजिमेंटचं असेल तर पूर्ण भाव. यात सर्वांत मोठा वाटा गरुडाचा, कारण समोर तोच दिसतो आणि सुटा विकायलाही तोच सोपा. तुमच्याकडे गरुड ओतीव नकली, आणि वरून घुमटाला दोन भोकं नवी पडलेली. भोकं भरता येतात, पण भरलेली भोकं कायम दिसतात. म्हणून ८५ हजारांच्या मागणीत गरुडाचा भाग शून्य धरा आणि भोकांसाठी आणखी कमी करा. परदेशातल्या लिलावांची तुलना करायची तर मागणीचे आकडे बघू नका, विकले गेलेले आकडे बघा, आणि त्यातही 'गरुड बदललेला' असं स्पष्ट लिहिलेल्या वस्तू.

कागद विचारा. कुठून आलं, कोणी आणलं, एखादं पत्र, बिल, जुना फोटो. महायुद्धानंतर अशा वस्तू युद्धाची आठवण म्हणून ब्रिटिश अधिकारी हिंदुस्थानात आणत, हे शक्य आहे. भुसावळसारख्या मोठ्या रेल्वे जंक्शनवर गोरे कर्मचारीही होते. पण शक्यता म्हणजे पुरावा नाही. हेल्मेट वाड्यात होतं एवढ्यावर भाव वाढवू नका.

कायद्याचं. शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते. खासगी माणसाने ती परदेशात पाठवायची नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. घेताना साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, तारीख, वस्तूचं वर्णन आणि 'समोरचा गरुड नंतरचा' ही ओळ लिहून सही घ्या. पुढे तुम्ही ते विकलंत तर हाच कागद तुम्हाला वाचवेल.

पांझराकाठ (धुळे)

सगळ्यांचे आभार. बैठकीच्या पाकळ्यांखाली टॉर्चने बघितलं. चारच भोकं, चारही जुनी, कडेखाली सावली आहे. ठशांच्या तळाशी काळा मळ आहे, उजळ नाही. खवल्यांवर केसासारखी रेष नाही. चामड्याचा गाभा आतपर्यंत तपकिरी. दोरी जांभळ्या उजेडात काळीच, पण एका जिभेची शिवण निळी चमकते.

मालकांना गरुडाचं सांगितलं. ते ३५ हजारांवर आले. घेतल्यावर तो गरुड काढावा का?

पत्राठसा (भुसावळ)

निळी चमकणारी शिवण म्हणजे एक जीभ कधीतरी नव्याने शिवली, त्याने फारसं बिघडत नाही. भोकांवरून टोक आणि घुमट एकत्रच आहेत, हे आता मी धरून चालतो.

गरुड काढा, पण एकट्याने नाही. एकाने समोरून गरुडाला मलमलीतून घट्ट धरायचं, दुसऱ्याने आतून पान्याने नट सैल करायचे. समोर आधार नसेल तर नटासोबत दांडीही फिरते, भोकाची कड घासते आणि घुमटाच्या पृष्ठावर गोल ओरखडे पडतात. नट गच्च असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब काडीवर घेऊन फक्त नटावर लावा, खाली मलमलीची घडी ठेवून, म्हणजे चामड्यावर एक थेंबही उतरणार नाही. फवारा मारू नका.

निघाल्यावर सावलीवर पातळ ट्रेसिंग कागद धरून तिची पूर्ण कड पेन्सिलने उतरवा, आणि जुन्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर व्हर्नियरने मिलिमीटरमध्ये मोजा, दोन वेळा. मूळ काळातला गरुड शोधताना हाच कागद आणि हे अंतर लागेल. अंतर जुळत नसलेला गरुड कितीही सुंदर असला तरी घेऊ नका, नाहीतर पाचवं भोक पडेल. नकली गरुड आणि त्याचे नट एका पाकिटात घालून, त्यावर तारीख टाकून, डब्यातच ठेवा. नवी दोन भोकं सध्या तशीच राहू द्या.

ठसेघर (जळगाव)

आणि अंतर मोजलं की इथे टाका. आठव्या रेजिमेंटच्या घुमटावरचं भोकांचं अंतर तुलनेला मिळालं तर इतरांनाही उपयोग होईल.